एल्फिन्स्टन सर्कल : मुंबईच्या किल्ल्यातील नवअभिजात इमारत-रांगेचा इतिहास

मुंबईच्या फोर्ट विभागात, पूर्वेस टाउन हॉल आणि पश्चिमेस सेंट थॉमस कॅथेड्रल या दोन जुन्या वास्तूंच्या दरम्यान, सुमारे अडीच एकरांच्या गोल बागेला वेढून उभी असलेली कमानदार इमारतींची रांग आज हॉर्निमन सर्कल या नावाने ओळखली जाते. १८६० च्या दशकात ती बांधली गेली तेव्हा तिला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. मुंबईच्या वास्तुकलेचा विचार व्हिक्टोरिया टर्मिनस, उच्च न्यायालय आणि विद्यापीठ या गॉथिक वास्तूंपासून सुरू करण्याची प्रथा पडल्यामुळे या वर्तुळाकडे अभ्यासकांचे आणि पर्यटकांचे लक्ष तुलनेने कमी जाते. वस्तुतः नगररचनेच्या दृष्टीने ते त्या सर्वांहून धाडसी काम होते, कारण गॉथिक वास्तूंपैकी प्रत्येक वास्तू एका संस्थेने स्वतःसाठी उभारली, तर येथे वेगवेगळ्या मालकांनी आपापल्या जागेवर, आपापल्या पैशाने बांधलेल्या इमारतींनी रस्त्याकडे मात्र एकच चेहरा ठेवावा असे ठरले आणि ते प्रत्यक्षात उतरले.

भिंतीला भिंत लावून एका ओळीत बांधलेल्या आणि बाहेरून एकाच प्रासादासारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगेला इंग्रजी वास्तुकलेत टेरेस म्हणतात; आपल्याकडे हा शब्द गच्चीसाठी रूढ असल्याने येथे ‘इमारत-रांग’ असा शब्द वापरला आहे. या कल्पनेचे मूळ युरोपातील राजधान्यांत सापडते. पॅरिसमध्ये चौथ्या हेन्रीने १६०५ मध्ये आजच्या प्लास दे व्होजची जागा वाटून देताना चौकाकडील बाजू ठरावीक नमुन्याचीच बांधण्याची अट घातली होती, आणि त्याच शतकाच्या अखेरीस प्लास व्हाँदोम येथे तर दर्शनी भिंती आधी उभारून त्यांच्यामागील भूखंड नंतर विकण्यात आले. इंग्लंडमध्ये ही पद्धत पूर्णत्वाला नेली ती बाथ या शहरातील वुड पितापुत्रांनी. थोरल्या जॉन वुडने आखलेल्या आणि १७५४ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्कस’ या वर्तुळात ३३ घरे तीन कमानाकार तुकड्यांत बसवलेली आहेत, तर धाकट्या जॉन वुडच्या ‘रॉयल क्रेसेंट’ या अर्धचंद्राकृती रांगेत (१७६७ ते १७७४) ३० घरे ११४ आयोनिक स्तंभांच्या मागे उभी आहेत. ग्राहकाने दर्शनी भिंतीची काही फूट लांबी विकत घ्यावी, तिच्या मागे आपल्या गवंड्याकडून आपल्या सोयीचे घर बांधून घ्यावे, पण पुढच्या भिंतीला हात लावू नये, असा तेथला व्यवहार होता. त्यामुळे रॉयल क्रेसेंट पुढून पाहिल्यास एकसंध आणि मागून पाहिल्यास खोल्या, धुराडी व छपरे यांचा उंचसखल पसारा दिसतो.

या भिंतींना एकत्र बांधणारी शैली नवअभिजात म्हणून ओळखली जाते. प्राचीन ग्रीस आणि रोम येथील मंदिरांच्या प्रमाणबद्धतेचा नव्याने केलेला स्वीकार हे तिचे मर्म होय. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याचा ग्रंथ, १५७० मध्ये प्रसिद्ध झालेले पॅलाडिओचे चार भाग आणि १७६२ पासून स्टुअर्ट व रेव्हेट यांनी प्रकाशित केलेली अथेन्समधील अवशेषांची मोजमापे, या तीन आधारांवर युरोपात एक सर्वमान्य व्याकरण तयार झाले. स्तंभांचे मुख्य प्रकार तीन : डोरिक म्हणजे जाड, साध्या माथ्याचा, आयोनिक म्हणजे माथ्यावर गुंडाळीसारखी वळणे असलेला, आणि कोरिंथियन म्हणजे पानांच्या नक्षीचा, सर्वांत सडपातळ. बळकट प्रकार खाली आणि नाजूक वर असा क्रम पाळला जाई. खिडक्यांची उंची मजल्यागणिक बदले आणि सर्वांत वर कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून पुढे आलेली दगडी किंवा चुन्याची पट्टी, संपूर्ण रचनेला रेषा आखून देई. हे नियम पुस्तकांतून आकृत्यांसह शिकता येत असल्यामुळे वास्तुविशारद नसलेल्या लष्करी अभियंत्यालाही ते वापरता आले, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतींत ही शैली एवढी पसरली याचे एक मोठे कारण तेच आहे.

महाराष्ट्रातील नागरी घराची परंपरा याच्या बरोबर उलट होती. वाड्याची सारी श्रीमंती आतल्या चौकात, कोरीव खांबांत, तुळयांत आणि महिरपींत साठवलेली असे. रस्त्याकडे दिसे ती दिंडीदरवाजाची भक्कम, बहुधा निर्विकार भिंत. पुण्याच्या किंवा नागपूरच्या जुन्या पेठांतही घरे एकमेकांना खेटून असत, परंतु शेजारच्या घराच्या छज्ज्याशी आपला छज्जा जुळलाच पाहिजे असे बंधन कोणावर नव्हते. भारतात एकसारख्या दर्शनी बाजूंचा मोठा प्रयोग झाला तो १७२७ पासून वसवल्या गेलेल्या जयपुरात, जेथे मुख्य बाजारपेठांतील दुकानांची ठेवण राजसत्तेने ठरवून दिली. मुंबईत हेच काम राजाज्ञेऐवजी नगरपालिकेच्या विक्रीव्यवहारातून झाले.

ज्या जागेवर हे वर्तुळ आखले गेले ती बॉम्बे ग्रीन नावाने प्रसिद्ध होती. तटबंदीच्या आत, कंपनीच्या जुन्या किल्ल्यासमोर मोकळे ठेवलेले हे मैदान. त्याच्या पश्चिमेला १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च होते, आणि त्या चर्चमुळेच किल्ल्याच्या पश्चिम वेशीला चर्चगेट हे नाव पडले. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्याच्या उत्तर भागात लागलेल्या भीषण आगीने दाट वस्तीत मोकळ्या जागेचे मोल किती असते ते शहराला दाखवून दिले. तरीही पुढची चार दशके ग्रीनचा मुख्य उपयोग कापसाच्या गाठी रचणे, तोलणे आणि विकणे हाच राहिला. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्याला हलवण्यात आला. ‘कॉटन ग्रीन’ हे नाव त्याच्याबरोबर प्रवास करीत पुढे शिवडीजवळ गेले आणि हार्बर मार्गावरील रेल्वे स्थानकाच्या रूपाने आजही वापरात आहे.

ग्रीनच्या पूर्व कडेला १८३३ मध्ये टाउन हॉल पूर्ण झाला, आणि पुढे आखल्या गेलेल्या वर्तुळाची दिशा खऱ्या अर्थाने त्याच क्षणी ठरली. मुंबईच्या अभियंता दलातील कर्नल थॉमस कूपर याने त्याचा आराखडा केला. सार्वजनिक सोडतीतून उभारलेला निधी पुरेनासा झाल्यावर कंपनी सरकारने खर्चाचा भार उचलला, आणि कूपरच्या मृत्यूनंतर त्याच्या सहकाऱ्यांनी काम तडीस नेले. तीस पायऱ्यांचा रुंद जिना, त्यावर आठ डोरिक स्तंभांची द्वारमंडपी आणि तिच्या माथ्यावर पेडिमेंट, म्हणजे ग्रीक मंदिराच्या छपरासारखा त्रिकोणी शीर्षभाग, एवढ्या मोजक्या घटकांवर ही वास्तू उभी आहे. जवळच असलेल्या टाकसाळीची इमारतही त्याच काळातली, तिच्या पुढे आयोनिक स्तंभ आहेत. १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिन्टॉश याने स्थापन केलेली लिटररी सोसायटी, म्हणजे पुढची एशियाटिक सोसायटी, टाउन हॉलमध्ये आली, आणि मराठी विद्याव्यासंगाचा एक मोठा प्रवाह या पायऱ्यांवरून वाहिला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापासून भारतरत्न पां. वा. काणे आणि दुर्गा भागवत यांच्यापर्यंत अनेकांनी येथे आयुष्यातील कित्येक वर्षे वाचनात घालवली. नाना शंकरशेट यांचा पुतळाही याच वास्तूत आहे.

टाउन हॉलसारखी देखणी वास्तू समोर असूनही ग्रीनची स्थिती शोचनीय होती. मैदानाच्या एका बाजूच्या वडाच्या झाडांखाली १८५० च्या दशकात शेअर दलाल जमत असत, आणि त्या बैठकींतूनच पुढे १८७५ मध्ये ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. उरलेल्या जागेत धूळ, नारळाच्या करवंट्या आणि शहराचा केरकचरा यांचे ढीग पडत. या ओसाड जागेचे वर्तुळाकार, इमारतींनी वेढलेल्या बागेत रूपांतर करावे ही कल्पना चार्ल्स फोर्जेट याची. भारतातच वाढलेला, देशी भाषांवर प्रभुत्व असलेला आणि १८५७ च्या वादळी दिवसांत मुंबईच्या पोलीस दलाची सूत्रे हाती असलेला हा अधिकारी वास्तुविशारद नव्हता. परंतु गल्लीबोळांतून हिंडून शहर ओळखणाऱ्या माणसाला कोणती जागा सडते आहे आणि ती कशी सावरता येईल हे दिसते, एवढी दृष्टी त्याच्यापाशी होती. १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनने या सूचनेला पाठिंबा दिला आणि १८६२ मध्ये आलेल्या सर बार्टल फ्रियरने ती पुढे नेली.

फ्रियरच्या कारकिर्दीचा आरंभच किल्ल्याची तटबंदी पाडण्याच्या निर्णयाने झाला. अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट ही तिन्ही प्रवेशद्वारे जमीनदोस्त झाली, खंदक भरले गेले, चर्चगेटच्या जागेवर १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभारण्यात आले आणि दीडशे वर्षे भिंतींत कोंडलेले शहर तटाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाकडे मोकळे झाले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे मराठीतील या शहरावरचे पहिले विस्तृत पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे नेमके या उलथापालथीच्या दिवसांत प्रसिद्ध झाले, हा केवळ योगायोग मानता येत नाही; शहर डोळ्यांदेखत बदलू लागले की त्याची नोंद करण्याची गरज त्याच्या रहिवाशांना तीव्रतेने जाणवते.

या बांधकामाला लागणारा पैसा अटलांटिक महासागरापलीकडच्या युद्धातून आला. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाकडे वळावे लागले. खानदेश, वऱ्हाड आणि वर्धेच्या खोऱ्यातील, विशेषतः हिंगणघाटचा, कापूस अवाच्या सवा भावाने मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला होता, आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. तोपर्यंत तेजी ओसरली होती हे खरे, परंतु रेल्वेची आखणी आणि घाई यांमागे कापसाचीच ओढ होती.   एल्फिन्स्टन सर्कलच्या कमानींमागे ज्या पेढ्या बसल्या त्यांचे भांडवल विदर्भाच्या काळ्या जमिनीतून गोळा झालेल्या मालावर वाढले होते, आणि म्हणून या वास्तूंचा इतिहास मुंबईपुरता मर्यादित ठेवणे योग्य ठरणार नाही.

व्यवहार असा झाला. नगरपालिकेने ग्रीनची जागा एकत्रितपणे ताब्यात घेतली, मध्यभागी बाग आणि तिच्याभोवती रस्ता आखला, उरलेल्या कडेचे भूखंड पाडले आणि ते मोठ्या नफ्याने विकले. खरेदीदारांत इंग्रज व्यापारी कंपन्यांचा भरणा होता. दर्शनी बाजू मात्र सर्वांनी एकाच आराखड्यानुसार ठेवायची होती. पॅरिसच्या राजाने आणि बाथच्या वुडने वापरलेली युक्ती येथे पालिकेने वापरली, तीही तेजीच्या अशा दिवसांत की जेव्हा मुंबईतील जमिनीचा तुकडा मिळवण्यासाठी माणसे कोणतीही अट मान्य करण्यास तयार होती. शहराच्या इतिहासात असा क्षण क्वचितच येतो. जागेला गिऱ्हाईक भरपूर असताना सार्वजनिक हिताचे बंधन घालणे सर्वांत सोपे असते, आणि बहुतेक शहरे नेमकी त्याच वेळी ते घालायला विसरतात.

बाथ आणि मुंबई यांच्यात एक मूलभूत फरक होता. बाथमधील घरे राहण्यासाठी होती, तेथे ऋतुमानानुसार येणारी उच्चभ्रू कुटुंबे उतरत. मुंबईत १८६० पर्यंत इंग्रज आणि धनिक पारशी-गुजराती कुटुंबे किल्ल्याबाहेर भायखळा, माझगाव आणि मलबार हिल येथील बंगल्यांत राहू लागली होती. म्हणून एल्फिन्स्टन सर्कलमध्ये घरांऐवजी कचेऱ्या, बँका, विमा आणि जहाज कंपन्या यांना जागा मिळाली. दिवाणखान्याच्या जागी हिशेबाची मेजे आली, तरी बाहेरची भाषा निवासी प्रासादाचीच राहिली. व्यापारी पेढीला सरदारी थाट देणारी ही रचना त्या काळच्या नवश्रीमंत मुंबईला मानवली.

रांगेच्या रचनेत सर्वांत महत्त्वाचा घटक तळमजल्यावरील कमानदार ओवरी हा होय. एकापाठोपाठ एक येणाऱ्या अर्धवर्तुळाकार कमानी आणि त्यांच्या मागे पादचाऱ्यांसाठी सलग आच्छादित वाट, अशी तिची मांडणी आहे. लागोपाठ कमानींची सावली ही महाराष्ट्राला अपरिचित नव्हती; जेजुरीच्या गडावर देवळाभोवतीच्या ओवऱ्या यात्रेकरूंना हाच आसरा देतात. नवीन होते ते या जागेचे नाते. खेड्यातील कवेलूच्या घराची ओसरी घराची असते, तेथे कोणाला बसवायचे ते घरधनी ठरवतो. सर्कलमधील ओवरी इमारतीच्या पोटात असूनही तिच्यावर पहिला हक्क रस्त्याने चालणाऱ्याचा आहे. प्रत्येक मालकाने आपल्या तळमजल्याच्या पुढच्या भागातून जनतेला वाट काढून दिली, आणि ही वाट शेजाऱ्याच्या ओवरीशी न तुटता जुळली. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात आणि वैशाखाच्या उन्हात या एका तरतुदीचे मोल काय आहे ते तेथून चालणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

कमानीच्या बांधणीकडे बारकाईने पाहिल्यास नवअभिजात शैलीचा सगळा हिशेब तेथे सापडतो. पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्ही बाजूंनी चढत येतात आणि मधोमध बसवलेला शेवटचा दगड त्यांना एकमेकांवर रेटून धरतो. तो बसेपर्यंत कमानीखाली लाकडी आधार ठेवावा लागतो आणि तो बसल्यावरच काढता येतो. मजल्यांच्या दरम्यान आडव्या पट्ट्या भिंतभर धावतात, त्यामुळे उभ्या भूखंडांच्या सीमा डोळ्यांना जाणवत नाहीत. वर कॉर्निसची रेषा सर्वांना एकाच उंचीवर छेदते. ही रेषा वळती आहे, हीच खरी कारागिरी. सरळ रांगेत एका साच्याचे दगड कितीही वापरता येतात. वर्तुळाच्या कडेवर मात्र प्रत्येक दगडाला, प्रत्येक चौकटीला त्रिज्येनुसार किंचित बाक द्यावा लागतो, नाही तर दूरवरून पाहताना रेषा तुटक दिसू लागते. भूखंडांचा आकारही त्यामुळे चमत्कारिक झाला : बागेकडे अरुंद आणि मागे किल्ल्याच्या जुन्या गल्ल्यांकडे रुंद होत जाणारा, पंख्याच्या पात्यासारखा. पुढची शिस्त सांभाळून मागच्या वाकड्यातिकड्या गल्लीशी तडजोड करण्याचे काम प्रत्येक इमारतीच्या आतल्या भिंतींनी केले.

वर्तुळ पूर्ण मिटलेले नाही, हेही त्याच्या रचनेचे वैशिष्ट्य. पूर्वेची बाजू टाउन हॉलच्या द्वारमंडपीसाठी मोकळी सोडली गेली आणि पश्चिमेस चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रस्ता, रांगेला मधोमध छेदून कॅथेड्रलजवळून फ्लोरा फाउंटनकडे जातो. त्यामुळे या रस्त्याने पूर्वेकडे येणाऱ्याला दोन कमानदार बाहूंच्या मधून, बागेतील झाडांपलीकडे, आठ डोरिक स्तंभ दिसतात. तीस वर्षांपूर्वी एकट्या उभ्या राहिलेल्या टाउन हॉलला अशा रीतीने शोभेल असे अंगण मिळाले. स्वतंत्रपणे बांधलेल्या दोन पिढ्यांच्या वास्तूंमध्ये एवढा सुसंवाद साधला गेला याचे श्रेय शैलीच्या समान व्याकरणाला द्यावे लागते.

१८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. शहरात पैसा आणि माणसे दोन्ही ओसंडून वाहत होती. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या नावाभोवती सट्ट्याचे वलय तयार झाले, समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध थांबल्याची वार्ता आली आणि १ जुलै रोजी वायद्यांचे देणे चुकवण्याची वेळ येताच पेढ्यामागून पेढ्या कोसळल्या. बँक ऑफ बॉम्बे सावरू शकली नाही. १८६८ मध्ये ती बुडीत काढून त्याच नावाची नवी बँक स्थापावी लागली. भाऊ दाजींसारख्या लोकहितदक्ष माणसाचीही मिळकत या वावटळीत गेली. १८७२ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ इतकी खाली आलेली दिसते.

सर्कल या पडझडीतून वाचले, कारण त्याचे भूखंड तेजीत विकले गेले होते आणि इमारती वर आल्या होत्या. राहिलेली बाग १८६९ मध्ये हाती घेऊन १८७२ मध्ये पूर्ण करण्यात आली. आर्थर क्रॉफर्ड १८६५ पासून पालिकेचा आयुक्त होता आणि शहराच्या सफाईला त्याने मोठी गती दिली होती. इंग्लंडहून आणलेले ओतीव लोखंडाचे कठडे आणि फाटके, वर्तुळाला अनुसरून वळणाऱ्या पायवाटा, झाडांच्या रांगा आणि केंद्रस्थानी कारंजे अशी बागेची मांडणी होती. विहार तलावाचे पाणी नळांतून शहरात आले ते १८६० च्या सुमारास. विहिरी आणि टाक्यांवर जगणाऱ्या आधीच्या मुंबईला शोभेच्या कारंज्याची कल्पना परवडणारी नव्हती.

बाग पुरी होईपर्यंत वास्तुकलेतील अभिरुची पालटली होती. फ्रियर आणि त्याच्या सल्लागारांनी एस्प्लनेडवरील नव्या सार्वजनिक वास्तूंसाठी गॉथिक शैली पसंत केली : विल्किन्सचे सचिवालय १८७४ मध्ये, फुलरचे उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये, स्टीव्हन्सचे व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले. टोकदार कमानी, मनोरे, रंगीबेरंगी दगड आणि पशुपक्ष्यांची शिल्पे यांनी भरलेल्या या वास्तूंपुढे सर्कल जुन्या वळणाचे वाटू लागले असल्यास नवल नाही. त्याची शिकवण मात्र वाया गेली नाही. १८९६ मध्ये हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, रुंद करून नव्याने बांधताना प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानदार ओवरी ठेवलीच पाहिजे असा नियम करण्यात आला. तेथे प्रत्येक मालकाला शैली निवडण्याची मुभा होती, सलग सावली मात्र बंधनकारक होती. फोर्टमध्ये आजही मैलभर छत्रीवाचून चालता येते ते या नियमामुळे, आणि त्याचा आधीचा धडा एल्फिन्स्टन सर्कलने घालून दिलेला होता.

नावांच्या बाबतीत एक गोंधळ वारंवार होतो. सर्कलला नाव दिले गेले ते पेशवाईच्या अस्तानंतर गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नव्हे, तर त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन याचे. पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड हे स्थानक, जे २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे, तेही याच पुतण्याच्या नावाने होते. स्वातंत्र्यानंतर सर्कलला बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे नाव मिळाले. १९१३ मध्ये फिरोजशहा मेहता यांनी काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे ते संपादक होते, रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल सरकारने त्यांना एप्रिल १९१९ मध्ये हद्दपार केले, १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. इंग्रज गव्हर्नरचे नाव काढून स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इंग्रज पत्रकाराचे नाव देणे हा निर्णय उचित होता. १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेल्या ‘मुंबई समाचार’ या आशियातील सर्वांत जुन्या चालू वृत्तपत्राची कचेरीही या वर्तुळालगतच असल्याने पत्रकाराचे नाव तेथे शोभूनही दिसते.

एकसारख्या दर्शनी भिंतीला धोका असतो तो मोठ्या विध्वंसापेक्षा लहान लहान सोयींचा. एकाने खिडकीत वातानुकूलन यंत्र बसवले, दुसऱ्याने कमानीवर फलक ठोकला, तिसऱ्याने आपल्यापुरताच वेगळा रंग दिला, चौथ्याने वर एक शेड टाकली की कोणतीही इमारत न पाडता रांग मोडते. एकट्या उभ्या वास्तूत असे बदल तिच्यापुरते राहतात. येथे एका मालकाची बेफिकिरी सर्व शेजाऱ्यांना बाधते, कारण ज्या वस्तूचे सौंदर्य जपायचे ती कोणा एकाची नाही. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, जी भारतातील कोणत्याही शहरासाठी झालेली अशी पहिली नियमावली होती, आणि या वर्तुळातील इमारतींना तिचे संरक्षण मिळाले. त्यांच्या बाह्य स्वरूपात बदल करण्यापूर्वी आता मुंबई वारसा संवर्धन समितीच्या छाननीतून जावे लागते. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान लाभले, त्याचा गाजावाजा झाला आणि तो व्हायलाही हवा होता.

हॉर्निमन सर्कलच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही, तरी त्याचा दावा वेगळा आणि कमी महत्त्वाचा नाही. नगरपालिका, विक्रीखत आणि काही मालकांची संमती एवढ्या साधनांवर शहराला सावलीची वाट आणि शोभिवंत चौक देता येतो, हे या वर्तुळाने दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. महाराष्ट्रातील नागपूर, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत आज जुन्या पेठा पाडून भूखंडांचा पुनर्विकास झपाट्याने चालू आहे, आणि तेथील पालिकांना भूखंडाच्या परवानगीबरोबर पादचाऱ्यांची सलग ओवरी आणि रस्त्याकडील बाजूची शिस्त यांची अट घालण्याचा अधिकार आजही आहे. हा अधिकार त्यांनी वापरावा.